अंगठा, चेहरा आणि कॅमेरा: आपल्या हातात काय आहे, ते पायरी-पायरीने

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या खात्यातून दहा-दहा हजार असे दोनदा गेले. तिने एटीएम कार्ड कधी वापरलं नव्हतं, कुणाला ओटीपी सांगितला नव्हता. बँकेत पासबुक छापून घेतलं तेव्हा त्या दोन ओळी दिसल्या, आणि समोर लिहिलेलं होतं ‘एईपीएस’, म्हणजे आधार आणि अंगठा लावून काढलेले पैसे. मला लागलं ते हे की त्याच आत्याचा स्वतःचा अंगठा हयातीच्या दाखल्याला लागत नव्हता. पदराला तीन-तीनदा पुसून, बोटाला तेल लावून, डावा-उजवा बदलून ती मशीनवर दाबायची आणि मशीन नाही म्हणायचं. खरं बोट चालेना, आणि कुणाकडच्या तरी नकली ठशाने पैसे निघाले.

त्यानंतर वर्षभर मी या विषयाच्या मागे लागले. बँक, आधार केंद्र, सायबर सेल, माहिती अधिकाराचे अर्ज, सगळं फिरून झालं. आता आमच्या लोकमान्य नगरात कुणी विचारलं की मी शेजारी बसून करून देते. तेच इथे लिहीत आहे.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्या. सरकारकडे आपली शरीराची ओळख तीन दारांनी जाते. एक आधारचं: दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो. दुसरं सोयीच्या योजनांचं, जिथे आपण ‘हो’ म्हटलं तरच चेहरा जातो. तिसरं रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं. पहिल्या दाराला आतून कडी आहे, पण बहुतेकांनी ती लावलेली नाही. दुसऱ्या दारात ‘नाही’ म्हणता येतं. तिसऱ्या दाराला आपल्या बाजूने कडीच नाही, तिथे फक्त जाब विचारता येतो. कोणत्या दाराशी काय करायचं, याचा गोंधळ झाला की माणूस एक तर घाबरून बसतो किंवा ‘आपण कुठे चोर आहोत’ म्हणून सोडून देतो.

काय काय जवळ ठेवावं

- आधार क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाइल, चालू सिमकार्डासकट
- बँकेचं पासबुक, नुकतंच छापून घेतलेलं
- समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक (कुटुंबाचा आठ आकडी, सदस्याचा नऊ आकडी)
- एक वही. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि बोललेल्या माणसाचं पद तिच्यात लिहा. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटपेक्षा वही जास्त कामाला आली
- माहिती अधिकारासाठी दहा रुपये आणि अर्जाची दुसरी प्रत

१. आधी मोबाइल नंबर बघा

आत्याच्या आधारला आणि खात्याला आतोबांचा नंबर जोडलेला होता. आतोबा गेल्यावर ते सिम बंद पडलं. पैसे निघाल्याचा मेसेज कुणालाच मिळाला नाही, तो याच कारणाने. आपल्याकडे घरातल्या बायकांच्या आणि वयस्करांच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असणं फार सामान्य आहे. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला असला की ओटीपीसाठी दर वेळी फोन करायचा.

मायआधार पोर्टलवर ‘ईमेल-मोबाइल तपासा’ अशी सोय आहे. नंबर जुळत नसेल तर आधार सेवा केंद्रात स्वतः जा. ऑक्टोबर २०२५ पासून या बदलाचं शुल्क ७५ रुपये आहे. पावती मागून घ्या, तिच्यावरच्या क्रमांकाने काम झालं की नाही ते कळतं. बँकेतला नंबर वेगळा बदलावा लागतो. आधारमध्ये बदलला म्हणजे बँकेत आपोआप बदलला, असं होत नाही.

२. सहा महिन्यांचा हिशेब काढा

मायआधारवर ओटीपीने आत गेलात की ‘प्रमाणीकरण इतिहास’ दिसतो. तारीख, वेळ, कोणत्या संस्थेने तपासलं, अंगठ्याने की ओटीपीने, आणि जमलं की फसलं, हे सगळं त्यात असतं. शेवटच्या सहा महिन्यांचं पाहता येतं. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत असं सांगितलं, म्हणून जुनं सापडत नाही. दर तीन महिन्यांनी उतरवून ठेवलं तर आपल्याकडे तरी राहतं.

यादी वाचताना फसलेल्या नोंदींकडे आधी बघा. तुम्ही कुठेही अंगठा लावला नाही त्या दिवशी लागोपाठ फसलेले प्रयत्न दिसले, तर कुणीतरी दार ढकलून बघतंय असं समजा आणि त्याच क्षणी पुढची पायरी करा.

३. बायोमेट्रिक लॉक लावा

हीच ती आतली कडी. मायआधारवर किंवा आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ निवडा, ओटीपी घाला, झालं. दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. लॉक असताना तुमचं बोट, बुबुळ आणि चेहरा यांपैकी काहीच आधारच्या तपासणीला चालत नाही. समोरच्या मशीनवर ३३० क्रमांकाची चूक येते. ओटीपीने होणारी कामं मात्र चालूच राहतात.

इथे लोक हमखास अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

लॉक दोन आहेत. एक बायोमेट्रिकचं, दुसरं आधार क्रमांकाचं. दुसरं लावलं की बारा आकडी क्रमांकाने तपासणी होत नाही, सोळा आकडी आभासी क्रमांक वापरावा लागतो, आणि तो आधी तयार करून ठेवावा लागतो. घाईत चुकीचं लॉक लावून पुढे रेशनच्या रांगेत उभं राहण्याची वेळ येते. बहुतेक घरांना पहिलं पुरेसं आहे.

रेशनला जाताना लॉक तात्पुरतं उघडायचं. ते दहा मिनिटांपुरतं उघडतं आणि मग आपोआप बंद होतं. म्हणून घरून उघडून निघू नका. आपल्या पुढे दोन माणसं राहिली की उघडा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हे तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा त्यांनी रांगेतून मला फोन करून सांगितलं, ‘ताई, उघडलं.’

सरकारी पेन्शनवाल्यांनी हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर लक्षात ठेवावा. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. बोट लागत नसेल तर जीवन प्रमाण या सरकारच्या ऑनलाइन दाखल्याच्या सोयीत नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याने दाखला देण्याची सोय आहे, तीही लॉक उघडूनच चालते. आणि हे काहीच नको असेल तर बँकेत स्वतः जाऊन कागदी दाखला भरता येतो. आत्याचं आता तेच करतो. ती फाटकाशी रिक्षा थांबवते, आत जाते, सही करते, येते.

एक धोका: ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणून कियॉस्कवाला मोबाइल मागेल. देऊ नका. ओटीपी आणि मोबाइल दोन्ही त्याच्या हातात गेले की कडी लावली काय नि नाही काय.

मशीनवर बोट लागत नाही म्हणून कुणी रेशन नाकारलं, तर ते चूक आहे. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात अशा वेळी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ द्यावा, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. दुकानदाराशी भांडण्यात वेळ घालवू नका. ‘नाकारल्याचं लिहून द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. तक्रार आधारच्या १९४७ या क्रमांकावर आणि जिल्ह्याच्या खाद्य विभागात करा.

४. आधारची झेरॉक्स वाटणं बंद करा

लॉज, भाड्याचं घर, सिमकार्ड, कुरिअर, जिथे तिथे आपण झेरॉक्स देतो. पोर्टलवरून ‘मास्क्ड आधार’ उतरवा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ओळखीपुरतं ते चालतं. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला.

शाळेत प्रवेशासाठी मुलाचं आधार सक्तीचं करता येत नाही, हे २०१८ च्याच निकालात आहे. मुलांचं आधार असेल तर पाच आणि पंधरा वर्षांच्या टप्प्यावर बोटं-बुबुळं नोंदवावी लागतात. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ते रद्द करण्याचा हक्क आधार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मुलांना दिला आहे.

५. अंगठा लावताना डोळे स्क्रीनवर ठेवा

कोणत्या कामासाठी लावताय ते स्क्रीनवर वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला लावा. ‘एरर आला, परत लावा’ म्हटलं की कागदी चिठ्ठी मागा. पहिल्यांदाच काम झालेलं असतं आणि दुसऱ्या अंगठ्याने वेगळा व्यवहार होतो, अशी फसवणूक सर्रास होते. खातं आधारने पैसे काढण्यासाठी वापरतच नसाल, तर बँकेत अर्ज देऊन एईपीएस बंद करायला सांगा.

ठसे जातात कुठून? हरियाणा आणि तेलंगणात पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांनी जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रतींवरचे ठसे उचलून नकली बोटं तयार केली होती. आत्याने घराच्या वाटणीच्या कागदांवर अंगठे दिलेले होते, पण तिचा ठसा नेमका तिथूनच गेला का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. रजिस्ट्री करून आलात तर घरी आल्यावर लॉक तपासा.

६. विमानतळावर चेहरा द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा

आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर २०२४ पासून डिजियात्रा, म्हणजे ओळखपत्राऐवजी चेहरा दाखवून आत जायची सोय आहे. देशात ती १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली. ती चालवणारी संस्था सरकारी खातं नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि काही खासगी विमानतळ कंपन्या यांची मिळून स्थापन झालेली ती कंपनी आहे. माहिती तुमच्याच मोबाइलमध्ये राहते आणि विमानतळावरची प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असं ती सांगते.

ही सोय ऐच्छिक आहे. दारावर कुणी ‘इकडे बघा’ म्हणून मशीनसमोर उभं केलं तर विचारा, ‘हे डिजियात्रा आहे का?’ हो म्हणाले तर ‘मला नको, मी ओळखपत्र दाखवते’ म्हणा. एका विमानतळावर माझ्यापुढच्या काकांचा चेहरा असाच टिपला गेला, त्यांना वाटलं ही सुरक्षेची तपासणी आहे. मी ओळखपत्र आणि तिकीट दाखवून साध्या रांगेतून गेले. पाच मिनिटं जास्त लागली.

७. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला प्रश्न विचारा

आता तिसरं दार. आधारचं लॉक इथे काहीच करत नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. चौकातला कॅमेरा आधारला विचारत नाही. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार बोटं-बुबुळांची मूळ माहिती कुणालाही देता येत नाही. पोलिसांची चेहरा ओळखणारी यंत्रणा त्यांच्याकडच्या फोटोंच्या साठ्याशी जुळवणी करते.

साधा कॅमेरा आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा यांत फरक आहे. साधा कॅमेरा पाहतो. दुसरा चेहऱ्याचं मोजमाप करून त्याचे आकडे बनवतो आणि हजारो चेहऱ्यांशी ताडतो. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर लाखो माणसं असतात. गर्दी किती झाली हे वरून पाहणं वेगळं, आणि त्या गर्दीतला कोण कोण हे नावानिशी कळणं वेगळं. मंगळसूत्र ओढून पळणारा सापडावा, असं मलाही वाटतं. पण मशीन ‘जुळलं’ म्हणतं ते अंदाजाने. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात उत्तर दिलं होतं की ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं तर ते जुळलं असं धरतात. नुसतं साम्य दिसलेला तो कुणाचा तरी निर्दोष मुलगा असू शकतो. हैदराबादला २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात पोलिसांनी रस्त्यात थांबवून, मास्क काढायला लावून फोटो घेतला म्हणून एका कार्यकर्त्याने तेलंगणा उच्च न्यायालयात दाद मागितली. चेहरा ओळखण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मात्र २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि जरुरीपुरतंच हवं, असं म्हटलं आहे. आपले प्रश्न तिथूनच निघतात.

दिल्लीचा तो ८० चा आकडा बाहेर आला तो दहा रुपयांच्या अर्जातून. आपणही तो करू शकतो.

कुणाला: पोलीस आयुक्त कार्यालय (इंदुरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे), नगर निगम, आणि स्मार्ट सिटीची कंपनी. तिघांना वेगवेगळे अर्ज द्या. चुकीच्या ठिकाणी गेलाच तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

कोणत्या भाषेत: इथे एक चूक मी स्वतः केली. पहिला अर्ज मराठीत लिहिला आणि तो परत आला. कायदा म्हणतो हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाची राजभाषा. इंदूर आपलं असलं तरी राजभाषा हिंदी आहे. अर्ज हिंदीत लिहा, वर ‘लोक सूचना अधिकारी’ असं घाला.

काय विचारायचं:

- शहरातल्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखणारी प्रणाली वापरली जाते का. असेल तर कोणत्या आदेशाने किंवा कायद्याने, त्याची प्रत
- निविदा, कार्यादेश आणि पुरवठादाराशी केलेला करार
- वापराची लेखी कार्यपद्धती
- चित्रण आणि चेहऱ्यांची माहिती किती दिवस ठेवतात, कोण पाहू शकतं
- किती टक्के साम्याला जुळलं असं धरतात
- गेल्या वर्षात किती जुळण्या आल्या आणि त्यांतल्या किती चुकीच्या निघाल्या

‘का’ असा जाब विचारणारा प्रश्न लिहू नका. ‘तुम्ही आमच्यावर नजर का ठेवता’ याला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नाही, कारण ते मत झालं. त्याच्या फायलीत असलेला कागद मागा. आणि तुम्हाला हे कशासाठी हवं, ते सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं म्हणतं. खिडकीवरच्या माणसाने विचारलंच तर तेवढं कलम सांगा. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. बहुधा नकार येईल: सुरक्षा, तपासात अडथळा, व्यापारी गुपित. नकार आला म्हणजे संपलं असं नाही. कलम १० प्रमाणे जो भाग देता येतो तो वेगळा काढून द्यावाच लागतो. कॅमेऱ्यांची जागा सांगणार नसाल तर नका सांगू, माहिती किती दिवस ठेवता ते सांगा, असं पहिल्या अपिलात लिहा. अपील तीस दिवसांत करायचं, मध्य प्रदेशात त्याला पन्नास रुपये लागतात. पुढे नव्वद दिवसांत भोपाळला राज्य माहिती आयोगाकडे. माझ्या तीन अर्जांपैकी एकाचं निम्मं उत्तर आलं, तेही अपिलानंतर. पण पुढच्या माणसाने नवा अर्ज करताना त्या निम्म्या उत्तराचा क्रमांक लिहिला, आणि त्याला माझ्यापेक्षा लवकर कागद मिळाले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याबद्दल बरेचजण विचारतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, बहुतेक तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. खासगी कंपन्यांशी भांडायला तो उपयोगी पडेल. पण कलम १७ मध्ये सरकार आपल्या संस्थांना त्यातून सूट देऊ शकतं, म्हणून कॅमेऱ्यांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबून राहू नये, असं माझं मत आहे.

८. ठाण्यात बोटं-डोळे मागितले तर

२०२२ चा दंड प्रक्रिया (ओळख) कायदा पोलिसांना अटक झालेल्या माणसाचे ठसे, फोटो, बुबुळ घेऊ देतो, आणि ती नोंद ७५ वर्षं राहू शकते. नुसतं चौकशीला बोलावलं म्हणजे अटक नव्हे. ‘मला अटक केली आहे का, कोणत्या कलमाखाली?’ हे आधी विचारा आणि लगेच वकिलाला फोन करा. जबरदस्ती झटापट करू नका. पुढे निर्दोष सुटलात किंवा खटला न चालताच तुम्हाला सोडून दिलं, तर आधीची शिक्षा नसल्यास नोंद नष्ट व्हायला हवी, कोर्टाने लेखी वेगळं सांगितलं नसेल तर. त्यासाठी निकालाची प्रत जोडून स्वतः अर्ज द्या आणि पोच घ्या.

९. पैसे गेलेच तर, पहिल्या तीन दिवसांत

आधी सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला, फोन. तक्रार क्रमांक वहीत लिहा. मग बायोमेट्रिक लॉक. मग बँकेत लेखी अर्ज, पोच घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडे गडबड झाली, आणि तुम्ही बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायला हवी आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायला हवा. अर्जात या परिपत्रकाची तारीख लिहाच.

काउंटरवर आत्याला सांगितलं गेलं, ‘अंगठा तुमचाच आहे, आम्ही काय करणार?’ त्यावर आम्ही प्रमाणीकरण इतिहासाचा छापील कागद पुढे ठेवला. त्या वेळी आत्या रामबागेत सत्यनारायणाला बसलेली होती आणि व्यवहाराचं यंत्र दुसऱ्या राज्यातलं निघालं. एवढ्याने अर्ज घेतला गेला. तीस दिवसांत दाद लागली नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. तिथे शुल्क नाही, १४४४८ वर माहिती मिळते. पैसे पाच महिन्यांनी आले. आत्याने ते पासबुकात छापून घेतले, आणि त्याच दिवशी खात्याला आतोबांचा नंबर काढून स्वतःचा जोडला.